शिवकर बापूजी तळपदे

शिवकर बापूजी तळपदे (जन्म: १८६४, मुंबई) हे मुंबईतील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील शिक्षक, वेदाभ्यासक आणि ग्रंथकार होते. विमानविद्येत त्यांना विशेष रस होता. १८९५ मध्ये त्यांनी 'मरुत्सखा' नावाचे मनुष्यविरहित यंत्र तयार करून ते गिरगाव चौपाटीवर हवेत उडवले, असे मानले जाते आणि त्यांचे नाव आज प्रामुख्याने या एका घटनेशी जोडले जाते. राइट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणाच्या आठ वर्षे आधीची ही घटना खरी असती, तर विमानाच्या इतिहासात तिला मोठे स्थान मिळाले असते. मात्र या उड्डाणाचा समकालीन आणि विश्वासार्ह पुरावा उपलब्ध नाही. त्यामुळे तळपदे यांचे चरित्र लिहिताना त्यांचे प्रत्यक्ष जीवनकार्य आणि त्यांच्या मृत्यूनंतर वाढत गेलेली आख्यायिका या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

जन्म आणि कुटुंब

तळपदे यांचा जन्म मुंबईतील चिराबाजार परिसरातील डुक्करवाडी येथे एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. पाठारे प्रभू ही मुंबईतील सर्वांत जुन्या रहिवासी समाजांपैकी एक मानली जाते. एकोणिसाव्या शतकात या समाजातील अनेक कुटुंबे गिरगाव, ठाकूरद्वार, चिराबाजार आणि नवी वाडी या भागांत राहत होती. इंग्रजी शिक्षण, सरकारी नोकरी, कायदा, वैद्यक आणि कला या क्षेत्रांत हा समाज लवकर पुढे आला होता. शिवकर तळपदे वाढले ते या सुशिक्षित आणि परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या वातावरणात.

कलाशाळेतील शिक्षण आणि अध्यापन

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली ही कलाशाळा 'जे. जे.' या नावाने ओळखली जाते. तेथे चित्रकला आणि शिल्पकला यांच्याबरोबर हस्तकौशल्याचे शिक्षणही दिले जात असे. १८९१ मध्ये शाळेला जोडून लॉर्ड रे यांच्या नावाने कलाकार्यशाळा सुरू झाल्या आणि लाकूड, धातू व माती यांतील कामांना तेथे शिस्तबद्ध स्थान मिळाले. तळपदे या शाळेचे विद्यार्थी होते आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर तेथेच तांत्रिक कार्यशाळेच्या विभागात शिक्षक म्हणून काम करू लागले.

त्यांच्या विमानविषयक प्रयत्नांचा विचार करताना या पार्श्वभूमीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ते विद्यापीठात शिकलेले अभियंता नव्हते. त्यांचे शिक्षण आराखडा काढणे, प्रमाण ठरवणे, सांगाडा उभारणे आणि हाताने वस्तू घडवणे या वाटेने झाले होते. कागदावरील कल्पनेला लहान प्रतिकृतीचे रूप देणे हा अशा कार्यशाळेतील रोजचा व्यवहार असतो.

वेदाभ्यास आणि आर्य समाज

कलाशाळेत चिरंजीलाल वर्मा या शिक्षकांनी तळपदे यांचे लक्ष स्वामी दयानंद सरस्वती यांच्या लेखनाकडे वेधले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. दयानंदांनी १८७५ मध्ये मुंबईत, गिरगावात, आर्य समाजाची स्थापना केली होती. काकडवाडीतील आर्य समाजाचे मंदिर आजही त्या इतिहासाची साक्ष देते. वेद हे सर्व विद्यांचे मूळ आहेत, अशी दयानंदांची भूमिका होती. 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' या ग्रंथात त्यांनी नौका आणि विमाने यांच्या विद्येवर स्वतंत्र प्रकरण लिहून वैदिक ऋचांतून या विद्यांचा अर्थ काढण्याचा प्रयत्न केला.

परकीय सत्तेखालील सुशिक्षित तरुणांना या मांडणीचे मोठे आकर्षण वाटले. आगगाडी, तारायंत्र आणि वीज ही सर्व पश्चिमेची देणगी आहे, असे शाळेत शिकवले जात असताना हे ज्ञान आपल्या पूर्वजांकडे होते, असे सांगणारा विचार आत्मसन्मान देणारा होता. तळपदे यांनी संस्कृतचा अभ्यास केला, समविचारी मित्रांचे मंडळ जमवले आणि पुढे वेदविद्येच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या संस्थांत जबाबदारी घेतली. 'आर्यधर्म' या पत्राच्या संपादनाशीही त्यांचे नाव जोडले जाते. एडिसन, बेल, मॅक्सिम यांच्या शोधांविषयीही त्यांना कुतूहल होते. प्राचीन ग्रंथ आणि आधुनिक यंत्रे यांचा मेळ घालण्याची त्यांची धडपड त्यांच्या काळाला साजेशी होती.

तत्कालीन विमानविद्या आणि प्रतिकृतींचे स्थान

तळपदे यांच्या तारुण्यात हवेपेक्षा जड यंत्र उडवण्याचे प्रयोग जगात अनेक ठिकाणी सुरू होते आणि त्यांतील बरेचसे प्रयोग लहान प्रतिकृतींवर होत होते. फ्रान्समधील आल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्ये रबराच्या पिळाने चालणारे छोटे विमान पॅरिसमध्ये सुमारे ४० मीटर उडवून दाखवले. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल १८९१ पासून स्वतः ग्लायडरवरून उड्डाणे करत होते. १८९६ मध्ये अशाच उड्डाणात अपघात होऊन त्यांचा मृत्यू झाला. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिम यांनी बांधलेले साडेतीन टनांहून अधिक वजनाचे वाफेचे यंत्र ३१ जुलै १८९४ रोजी रुळांवरून क्षणभर उचलले गेले, पण त्याच वेळी त्याला आवर घालणारा रूळ मोडला आणि यंत्राचे नुकसान झाले.

या काळातील सर्वांत महत्त्वाचा मनुष्यविरहित प्रयोग अमेरिकेतील सॅम्युएल लँगली यांचा होता. ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवरून त्यांचे वाफेच्या इंजिनाचे सुमारे चार मीटर पंखविस्ताराचे विमान सुमारे एक किलोमीटर उडाले. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे उपस्थित होते. त्यांनी त्या उड्डाणाचे छायाचित्र घेतले आणि त्याविषयी लिहिलेही. यंत्रे जपून ठेवली गेली आणि मोजमापे प्रसिद्ध झाली. म्हणून त्या उड्डाणाविषयी आज वाद नाही.

प्रतिकृती उडाली म्हणजे तिच्या प्रमाणात वाढवलेले विमानही उडेल, असे मात्र नसते. एखाद्या विमानाची सर्व मापे निम्मी केली, तर पंखांचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते, पण त्याच पदार्थांत बांधल्यास वजन एक अष्टमांश होते. त्यामुळे पंखाच्या प्रत्येक चौरस एककावर पडणारा भार निम्म्याने कमी होतो आणि लहान यंत्र कमी वेगात व कमी शक्तीत हवेत राहू शकते. लँगली यांनाच याचा कटू अनुभव आला. १९०३ च्या ऑगस्टमध्ये त्यांची चतुर्थांश मापाची पेट्रोल इंजिनाची प्रतिकृती उडाली, परंतु ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये पूर्ण मापाचे विमान दोन्ही वेळा नदीत कोसळले. त्यानंतर काही दिवसांतच, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंचे विमान माणसासह उडाले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि सुमारे ३७ मीटरांचे होते, तर त्या दिवसाचे सर्वांत मोठे उड्डाण ५९ सेकंदांचे होते. राइट बंधूंनी १९०१ मध्ये स्वतः वातविवर बांधून पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने तपासले होते. त्यांच्या यशामागे ही नोंदवहीतली मोजमापे होती.

'मरुत्सखा'ची आख्यायिका

'मरुत्सखा' या नावाचा अर्थ वाऱ्याचा मित्र असा होतो. संस्कृतमध्ये हा शब्द अग्नीचे विशेषण म्हणूनही येतो. प्रचलित कथेनुसार तळपदे यांनी बांबूचा सांगाडा वापरून हे यंत्र तयार केले. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर जमलेल्या लोकांसमोर ते आकाशात झेपावले, सुमारे १५०० फूट उंचीपर्यंत गेले आणि नंतर खाली कोसळले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे प्रेक्षकांत होते आणि 'केसरी'ने या घटनेची दखल घेतली, असेही सांगितले जाते. यंत्र चालवण्यासाठी पारा आणि सूर्यप्रकाश यांचा उपयोग केला होता, असे काही कथनांत येते. वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर हे स्वतः जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते. 'मरुत्सखा' काही मिनिटे हवेत राहिल्याची आठवण त्यांच्या नावाने सांगितली जाते. प्रताप वेलकर यांनी पाठारे प्रभू समाजाच्या इतिहासविषयक लेखनात ही कथा मांडली आणि पुढील बहुतेक लेखन त्यावर आधारलेले आहे.

कथेचा उत्तरार्धही तितकाच प्रसिद्ध आहे. ब्रिटिश सरकारच्या दबावामुळे संस्थानिकांची मदत थांबली, पत्नीच्या निधनाने तळपदे खचले आणि त्यांच्या मृत्यूनंतर यंत्राचे अवशेष एका परदेशी व्यापारी पेढीला विकले गेले, असे त्यात सांगितले जाते. यंत्राचा सांगाडा अनेक वर्षे घरात होता आणि कुटुंबातील मुले त्यात बसून उडण्याचा खेळ खेळत, अशी एक कौटुंबिक आठवणही नोंदवली गेली आहे.

पुराव्याची छाननी

या कथेतील तपशील घटनेनंतर अनेक दशकांनी लिहिले गेले. उड्डाणाचे समकालीन वृत्त, छायाचित्र, आराखडा किंवा मोजमापांची नोंद यांपैकी काहीही अभ्यासकांसमोर आलेले नाही. १८९५ ची मुंबई वृत्तपत्रांची नगरी होती. इंग्रजी, मराठी आणि गुजराती दैनिके व साप्ताहिके येथून निघत. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला, तेव्हा त्याची जाहिरात वृत्तपत्रात आली आणि ती आजही वाचता येते. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि एक महाराज यांच्या उपस्थितीत चौपाटीवर यंत्र उडाले असते, तर त्याचा मागमूस इतका पुसट राहिला नसता, असे इतिहासकारांचे म्हणणे आहे.

इंधनाविषयीची कथाही विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. काही लेखक 'मरुत्सखा'चा संबंध आयन इंजिनाशी जोडतात. पाऱ्यावर चालणारे आयन इंजिन अवकाशात खरोखर चालवले गेले, परंतु ते १९६४ मध्ये, अमेरिकेच्या 'सर्ट-१' या अवकाशयानावर. त्याने निर्माण केलेला रेटा तोळाभर वजन पेलण्याइतकाही नव्हता. असे इंजिन अवकाशाच्या पोकळीतच उपयोगी पडते. जमिनीवरून जड यंत्र उचलणे त्याला शक्य नाही.

असे असले तरी तळपदे यांनी काहीच केले नाही, असा निष्कर्ष काढणेही योग्य ठरणार नाही. सांगाड्याची कौटुंबिक आठवण, त्यांचे ग्रंथलेखन आणि पुढील काळातील साक्षी एकत्र पाहिल्या, तर त्यांनी विमानाच्या प्रतिकृती बांधण्याचा प्रयत्न केला, हे संभवनीय वाटते. प्रयत्न आणि यशस्वी उड्डाण यांतील अंतर मात्र पुराव्यानेच भरून निघू शकते.

सुब्बराय शास्त्री आणि 'वैमानिक शास्त्र'

तळपदे यांचे नाव दक्षिणेतील पंडित सुब्बराय शास्त्री यांच्याशीही जोडले जाते. बंगळूरजवळील आनेकल येथे राहणाऱ्या शास्त्रींनी 'वैमानिक शास्त्र' हा संस्कृत ग्रंथ सांगितला आणि तो भरद्वाज ऋषींचा असल्याचे मानले. हा मजकूर १९१८ ते १९२३ या काळात लिहून घेतला गेला आणि त्यातील यंत्रांची चित्रे १९२३ मध्ये काढली गेली. छापील स्वरूपात तो १९५९ मध्ये हिंदी अनुवादासह आणि १९७३ मध्ये इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध झाला. म्हणजेच तळपदे हयात असेपर्यंत हा ग्रंथ लेखी स्वरूपात तयारही झालेला नव्हता.

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ग्रंथाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रंथाची भाषा अर्वाचीन आहे, तो विसाव्या शतकापूर्वीचा नाही आणि त्यात वर्णन केलेली विमाने उडू शकणार नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. या अभ्यासासाठी शास्त्रींच्या निकटवर्तीयांकडेही चौकशी करण्यात आली होती. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या तळपदे यांनी काही प्रतिकृती बांधल्या, पण त्यांपैकी एकही उडवण्यात त्यांना यश आले नाही, अशी माहिती तेथे मिळाली. तळपदे यांच्या प्रयत्नांविषयीची ही साक्ष महत्त्वाची आहे, कारण ती त्यांच्या परिश्रमांना दुजोरा देते आणि उड्डाणाच्या कथेला मात्र देत नाही.

ग्रंथलेखन

तळपदे यांचा 'प्राचीन विमान कलेचा शोध' हा मराठी ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्ताचा अर्थ, पातंजल योगदर्शनातील शब्दांचा कोश, मनाचे सामर्थ्य आणि गुरुमंत्राचा महिमा या विषयांवरही त्यांनी लेखन केले. या यादीवरून त्यांच्या आवडीचे स्वरूप स्पष्ट होते. विमानविद्या हा त्यांच्यासाठी वेद, योग आणि मानसिक शक्ती यांच्या व्यापक अभ्यासाचा एक भाग होता. करवीरच्या शंकराचार्यांकडून त्यांना 'विद्याप्रकाशप्रदीप' ही पदवी मिळाली होती.

अखेरचा काळ

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तळपदे आर्थिक विवंचनेत होते आणि त्यांच्या प्रयोगांना पुरेसा आश्रय मिळाला नाही, असे त्यांच्या चरित्रकथनांत सांगितले जाते. वयाच्या पन्नाशीनंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. मृत्यूचे वर्ष काही ठिकाणी १९१६, तर काही ठिकाणी १९१७ असे दिले जाते. तोपर्यंत पहिल्या महायुद्धात विमान हे युद्धाचे साधन बनले होते आणि भारतातही विमान पोचले होते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीपर्यंत टपाल नेले होते.

प्रतिकृती, चित्रपट आणि सार्वजनिक स्मृती

'मरुत्सखा'ची एक कल्पित प्रतिकृती मुंबईत विलेपार्ले येथील विमानविषयक प्रदर्शनात ठेवण्यात आली होती. अशा प्रतिकृतीचे मोल ठरवताना प्रतिकृती बांधणाऱ्यांची पद्धत लक्षात घेणे उपयुक्त ठरते. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून लढाऊ विमानांचे किंवा रणगाड्यांचे नमुने जोडणारे हौशी कारागीर मूळ यंत्राची मापे, छायाचित्रे आणि रंगांच्या नोंदी समोर ठेवून काम करतात. भारतीय हवाई दलात २०२५ पर्यंत असलेल्या मिग-२१ विमानाचा पंखविस्तार ७.१५ मीटर असल्याने १:७२ प्रमाणात तो जवळपास १० सेंटिमीटर यावा लागतो. नमुना त्याहून लांब किंवा आखूड निघाला, तर चूक लगेच ओळखता येते. 'मरुत्सखा'चे मूळ मापच उपलब्ध नसल्यामुळे त्याच्या कोणत्याही प्रतिकृतीला ही कसोटी लावता येत नाही. ती बनवणाऱ्याच्या कल्पनेचे दर्शन घडवते, मूळ यंत्राचे नाही.

जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या १०२ व्या अधिवेशनात प्राचीन भारतीय विमानांविषयी मांडणी झाली. त्यावरून देशात आणि देशाबाहेर मोठा वाद झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस विभू पुरी दिग्दर्शित 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात आयुष्मान खुराना यांनी तळपदे यांच्यावर बेतलेली भूमिका केली. चित्रपटात कल्पनेचा भाग मोठा होता, तरी नव्या पिढीला तळपदे हे नाव माहीत झाले ते प्रामुख्याने त्यामुळेच.

मूल्यमापन

तळपदे यांच्याविषयीचे लेखन बहुधा दोन टोकांना जाते. एका बाजूला त्यांना जगातील पहिले विमान उडवणारे म्हणून गौरवले जाते, तर दुसऱ्या बाजूला संपूर्ण कथा थोतांड म्हणून बाजूला सारली जाते. दोन्ही मांडण्यांत प्रत्यक्ष माणूस हरवतो. उपलब्ध माहितीवरून दिसणारे तळपदे हे कलाशाळेच्या कार्यशाळेत शिकलेले कुशल शिक्षक होते. उड्डाणाच्या प्रश्नाने जगभरातील प्रयोगकर्त्यांना झपाटले होते, त्याच काळात चिराबाजारातील या शिक्षकानेही तो प्रश्न मनावर घेतला. मात्र त्यांनी उत्तर प्रयोगांच्या नोंदींपेक्षा प्राचीन ग्रंथांत अधिक शोधले. पेनो, लिलिएन्थाल आणि लँगली यांच्या अपयशांतूनही पुढच्या संशोधकांना काही शिकता आले, कारण त्यांची मापे आणि निष्कर्ष लिहून ठेवलेले होते. तळपदे यांच्या प्रयत्नांची अशी नोंद मागे राहिली नाही. त्यामुळे त्यांचे श्रम विज्ञानाच्या परंपरेत सामील होऊ शकले नाहीत आणि त्या रिकाम्या जागी आख्यायिका वाढली.

मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात तळपदे यांचे स्थान त्या उड्डाणाच्या खरेपणावर अवलंबून नाही. आर्य समाजाची वैचारिक चळवळ, कलाशाळेतील हस्तकौशल्याचे शिक्षण आणि वृत्तपत्रांतून येणारी पाश्चात्त्य शोधांची वार्ता हे तिन्ही प्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरगावच्या वस्तीत एकत्र आले होते. त्या संगमाचे एक ठळक उदाहरण म्हणून शिवकर बापूजी तळपदे यांच्या जीवनाचा अभ्यास केला जातो.